तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊ गेला, तरी फाशी का नको?

"सख्खा भाऊ एमडीपायी (मेफेड्रोन या ड्रगपायी) गेला, आणि तू ड्रगवाल्यांच्या फाशीला विरोध करतेस?" तेराव्याला आलेल्यांनी विचारलं, सोसायटीच्या गणपतीत विचारलं. फेब्रुवारी २०२४मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत पुणे पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा तर मुद्दाम फोन करून विचारलं. तर ऐका.

शिक्षाच नको असं मी कधीही म्हटलेलं नाही. एमडी ५० ग्रॅमच्या वर सापडलं तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात १० ते २० वर्षं सक्तमजुरी आहे, ती व्हायलाच हवी. काही ठरावीक ड्रग्जच्या, दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या बड्या तस्करांसाठी १९८९पासून फाशीही आहे. आधी ती सक्तीची होती. २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे तुम्ही मागताय ते पुस्तकात केव्हाचं आहे. तरी माल कोथरूडच्या फ्लॅटवर पोचलाच ना?

त्या फ्लॅटवर काय झालं ते मला त्याच्या मित्रानं नंतर सांगितलं, मान खाली घालून. भाऊ तापला होता, अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका. छाती धडधडत होती, तोंडाला येईल ते बरळत होता. पोरांनी त्याला शॉवरखाली बसवलं. १०८ला फोन लावायला एकानं मोबाइल काढला, दुसऱ्यानं तो हिसकावला. "पोलीस येतील. आपण सगळे आत जाऊ. करिअर संपेल." मग पुड्या संडासात टाकल्या, फ्लश केलं, फरशी पुसली. फरशी पुसली! तोवर तो बाथरूमच्या दारात पडलेला. शेवटी रिक्षात घातलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय?" तर म्हणाले, "दारू जास्त झाली."

वेळेत नेला असता तर वाचला असता का, हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. मीही सांगत नाही. पण ती पोरं वाईट नव्हती, घाबरलेली होती. आणि ज्या धाकाची तुम्ही मागणी करता, तो नेमका त्यांनाच बसला होता. कारखानदाराला तो कुठं दिसतो?

याआधी मीही तुमच्यासारखीच बोलायचे. "दोन-चार लटकवा, बाकीचे सुतासारखे सरळ येतील." तेव्हाची मी आज समोर आली तर मला विचारेल, बाई, भाऊ तुझा गेला आणि दया कुणाची करतेस? मी दया करत नाहीये. पण तिला ते पटेल असं नाही. आईलाही पटत नाही. "विकणाऱ्याला घाबरवा, पोरांना सोडा," म्हणते ती. बरोबरच आहे तिचं. फक्त पकडले जातात ते बहुतेक हातात पुडी असलेले.

स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं ६४अ कलम याच कायद्यात आहे. त्या फ्लॅटवर ते कुणाला माहीत नव्हतं. आणि मित्रासाठी फोन करणाऱ्याला ते वाचवतं असंही नाही. तेवढी एक ओळ कायद्यात घाला, असं मी भेटेल त्या नगरसेवकाला, आमदाराला सांगते.

त्याला विकणारा अजून सापडलेला नाही. सापडला तर मी साक्षीला उभी राहीन, जास्तीत जास्त वर्षं मागेन. सरकारी वकिलांनी फाशी मागितली तर त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघेल, याची खात्री मी आज देत नाही.