सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचा पंच

नवापूर मागे पडलं की हवा कोरडी होते आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना कापूस दिसू लागतो. नोव्हेंबर मुद्दाम निवडला होता. १६१५ च्या नोव्हेंबरातच इंग्रज राजदूत सर टॉमस रो सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला गेला. त्या काळी इंग्रज व्यापाऱ्यांचा राबता याच वाटेवर होता, आणि मला त्यांच्या पेल्यातला पंच शोधायचा होता.

पंच हा आजच्या कॉकटेलांचा पूर्वज. ‘कॉकटेल’ची पहिली छापील व्याख्या अमेरिकेतली, १८०६ ची. पंचाचं नाव मात्र १६३२ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात येतं. १६३८ साली सुरतेत उतरलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो तिथल्या इंग्रजांच्या पेयाचं वर्णन करतो: कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. पुढे १६७० च्या दशकात आलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने नावाची फोड केली. जिन्नस पाच, म्हणून हिंदुस्थानी ‘पाच’वरून पंच. हे नाव पिंपाच्या इंग्रजी शब्दावरून आलं असंही काही अभ्यासक मानतात. मला फ्रायरचं पटतं. पंचामृत करणाऱ्या मुलखात जिन्नस मोजून नाव ठेवणं किती सहज आहे!

पंच खानदेशात जन्मला असं मी म्हणणार नाही. पण तो इथे करून पाहावा असं फार वाटत होतं.

मुक्काम अमळनेरला, मावशीकडे. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी होती, पण त्याआधी दुपारीच आम्ही लिंबं घेऊन बसलो. जुन्या रीतीत साखरेचा खडा लिंबाच्या सालीवर घासतात. मावशीने खडीसाखर काढून दिली. पिवळ्याधमक कागदी लिंबावर खडा फिरवला की तो आधी ओलसर होतो, मग पिवळसर, आणि सालीतलं तेल बोटांना लागतं. घरभर वास सुटला. मी जोर लावू लागलो तशी मावशी अहिराणीत म्हणाली, “जास्त घासू नको, कडू व्हई जाई.” बरोबरच होतं. पिवळ्याखालचा पांढरा भाग आला की सगळं बिघडतं.

कॅरिबियनमधलं जुनं प्रमाण म्हणजे एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणी. मी एक वाटी रस, तीन वाट्या रम, चार वाट्या गार पाणी घेतलं. साखर मात्र दीडच वाटी, त्यात ते घासलेले खडेही आले. दोन वाट्या मला फार होतात. साखर आधी रसात पूर्ण विरघळू द्यायची, मगच रम, आणि शेवटी वरून जायफळ किसायचं. मावशीसाठी वेगळ्या पातेल्यात रमऐवजी गार केलेला कोरा चहा घातला. खरं सांगतो, तोही तितकाच सुरेख झाला.

दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूर. शाही किल्ल्याच्या सज्जातून खाली तापी संथ दिसते. याच शहरात रो जहांगीरचा मुलगा परवेझ याला भेटला. नजराण्यात मद्याची पेटीही होती. शहजादा ते इतकं प्यायला की ठरलेली दुसरी भेट झालीच नाही, असं रोने रोजनिशीत लिहून ठेवलंय.

मावशीने घासलेले दोन खडे पुडीत बांधून दिले होते. नदीकडे बघत एक तोंडात टाकला. लिंबाचा वास अजून ताजा होता.