खिशातली बी

गोव्यातले तीन दिवस गर्दीत आणि घामात गेले, त्यांच्याबद्दल लिहावंसं काही नाही. लिहायचंय ते परतताना वाट वाकडी करून घालवलेल्या दीड तासाबद्दल.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून तिलारीच्या बाजूला लागलं की डोंगरच्या डोंगर हिरवेगार दिसतात आणि बरं वाटतं. गाडी थांबवून पाहिलं तर सगळं रबर. एकाच वयाची झाडं रांगेत उभी, ना वेल ना झुडूप. या हिरवळीला जंगल म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

हेवाळे-बांबर्ड्याला भालांडेश्वराच्या देवराईत शिरलो आणि ऊन एकदम विझलं. मे संपत आला होता, बाहेर अंग भाजत होतं आणि आत पायाखाली गार पाणी. घोट्याएवढं, सावकाश सरकणारं. त्या पाण्यातून शेकडो मुळं वर आलेली, कढईच्या कानासारखी वळून पुन्हा चिखलात गेलेली. ही रानजायफळाची झाडं. त्यांची दलदल बहुतेक कर्नाटक-केरळातच उरली आहे. बांबर्ड्याची ही सर्वांत उत्तरेकडच्यांपैकी एक.

तोल सावरायला मी एका मुळावर पाय टेकला, तशा वाट दाखवायला आलेल्या आजी ओरडल्या, "गो बाय, मुळांर पाय दिव नको!"

मी खाली वाकून मूळ जवळून पाहिलं. सालीवर बारीक, खरखरीत पुटकुळ्या होत्या. चिखल बारमाही पाण्याखाली, त्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. म्हणून मुळं वर येतात आणि या पुटकुळ्यांमधल्या छिद्रांतून हवा घेतात. खाडीतली खारफुटी हेच करते, पण इथलं पाणी गोडं, डोंगरातून झिरपून आलेलं. अशा सपाट, ओल्या जागा माणसाला भातासाठी आणि सुपारीसाठी नेहमीच हव्या असतात. कित्येक दलदली तशाच गेल्या. ही देवाच्या धाकाने वाचली. 2021 साली ती जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण क्षेत्र किती? 2.59 हेक्टर. पाणी येतं ते वरच्या उतारांवरून, आणि हे उतार राईच्या हद्दीत कुठे आहेत?

पाण्याच्या कडेला एक फळ उकललेलं पडलं होतं. आत सुपारीहून मोठी बी, तिच्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. धनेश या जायपत्रीसाठी येतो, बी गिळतो आणि लांब कुठेतरी टाकतो. एवढी मोठी बी गिळू शकणारे पक्षी थोडेच. त्या धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. रबराच्या झाडात ती मिळत नाही. आम्ही होतो तेवढ्या वेळात एकदाच वरून पंखांचा आवाज गेला, वाफेच्या इंजिनासारखा. पक्षी दिसला नाही.

आता कबुली. राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हे आजींनी शिरतानाच सांगितलं होतं. तरी ती बी मी खिशात घातली. पुण्यात कुंडीत रुजवीन, एक झाड तरी जास्त होईल, असं मला खरंच वाटलं होतं. आठवडाभर ती रुमालात राहिली, मग मातीत गेली. महिना झाला, दोन झाले, कोंब नाही. नंतर वाचलं की या बिया वाळल्या की मरतात. धान्यासारख्या साठवून ठेवता येत नाहीत; पडल्या की थोड्याच दिवसांत ओल्या जमिनीत रुजल्या तर रुजल्या.

पावसाळा संपल्यावर मी कुंडी उकरली. बी तशीच होती. हलवली तर घरातल्या जायफळासारखी आत खुळखुळली. आता राईत परत नेऊन टाकली तरी ती रुजणार नाही.