मागेल तेवढंच

सोमवार, रात्री उशिरा. कोथरूड

आज जावातल्या रिॲक्टिव्ह प्रोग्रामिंगचा (उत्तरासाठी अडून न राहता, डेटा येईल तसं काम पुढे नेण्याच्या पद्धतीचा) गाभा लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींत, डोळ्यांनी दिसला. झोपण्याआधी लिहून ठेवतेय.

हिंजवडीत ज्याला त्याला हे वेगासाठी हवं असतं. पण एकट्यादुकट्या रिक्वेस्टला याने काडीचाही वेग येत नाही. फरक पडतो तो गर्दीत. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरमध्ये मुळात २०० थ्रेड (एकेक काम हाताळणारे धागे) असतात आणि नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक रिक्वेस्ट एक थ्रेड अडवून बसते. डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत तो थ्रेड नुसता ताटकळतो. वेबफ्लक्स या स्प्रिंगच्या रिॲक्टिव्ह फ्रेमवर्कखाली सहसा नेटी हा सर्व्हर असतो. तिथे प्रोसेसरच्या कोअरइतकेच मोजके थ्रेड, पण कुणी कुणासाठी थांबत नाही. उत्तर आलं की काम पुढे सरकतं.

मला भावलं ते मात्र बॅकप्रेशर, म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याचा वेग आवरणं. फ्लक्सवर (एकामागून एक येणाऱ्या डेटाच्या प्रवाहावर) लॉग लावला आणि त्याखाली लिमिटरेट, म्हणजे एका वेळी मागायची मर्यादा, १० दिला. आधी १० ची मागणी उमटली. मग आठ नग वापरून होताच पुढच्या ८ ची, पुन्हा ८ ची. घेणाऱ्याने मागितल्याशिवाय देणारा काही पुढे ढकलतच नाही! पंगतीत ताटावर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो, तसंच. रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स या मानकाचा २०१५ चा करार एवढाच, अवघे चार इंटरफेस. २०१७ मध्ये जावा ९ ने तेच ‘फ्लो’ म्हणून आत घेतले.

टीममधल्या ताई म्हणाल्या, "अगं, जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आलेत. कशाला हा डोक्याला ताप?" हे थ्रेड इतके हलके असतात की अडले तरी फारसं बिघडत नाही, म्हणून थ्रेड अडून राहण्यापुरतं त्यांचं अगदी खरं आहे. साधा, सरळ वाचता येणारा कोड लिहून तेवढं साधतं, आणि साध्या सेवांसाठी मीही तेच निवडेन. पण लाखो ओळी एकामागून एक वाहत येतात तेव्हा किती घ्यायच्या, हे व्हर्च्युअल थ्रेड आपणहून ठरवत नाहीत.

आणि खाली जेडीबीसी (डेटाबेसशी बोलायची जावाची नेहमीची, उत्तरासाठी थांबून राहणारी पद्धत) असेल तर वरचा सगळा थाट फुकट, थ्रेड तिथे अडकतोच. एक तर आरटूडीबीसी, म्हणजे तिचा न अडणारा रिॲक्टिव्ह पर्याय घ्यायचा, नाहीतर ते काम बाउंडेड इलॅस्टिकवर, म्हणजे अडणाऱ्या कामांसाठीच्या राखीव थ्रेडवर, वेगळं काढायचं. आमचा मोठा रिपोर्ट अख्खा मेमरीत भरून मग पाठवला जातो. उद्या आधी तोच आरटूडीबीसीवर आणून बघणार. ताईंना शेजारी बसवून लॉग दाखवायचाय.