तुम्ही विचारलंत म्हणून: लशीनं बाळाला काही झालं, तर सरकारी माणूस खरं सांगेल का?

बीडपासून हिंगोलीपर्यंत कुठल्याही गावात लसीकरणाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कधी आजी विचारते, कधी बारावी शिकलेला बाप. "लस चांगली असते का?" असं आता फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे, की काही वावगं झालं तर तुमची माणसं खरं बोलतील का. प्रश्न रास्त आहे, आणि "हो, बोलतील" एवढ्यावर तो उडवून लावण्यासारखा नाही. नियम खरं बोलायला लावतात, माणसं दर वेळी बोलतातच असं नाही. कोण कुठं कच खातो आणि ते तुम्हाला कसं ओळखता येईल, तेवढं सांगतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं खोटं अगदी बारीक असतं. "काही होत नाही हो, आणा बाळाला." आशाताई सहज म्हणून जाते, तिच्या मनात काही वाईट नसतं. पण होतं की! दीड महिन्याच्या डोसला बाळाला एका दिवशी तीन सुया बसतात: डाव्या मांडीत पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर कातडीच्या थरात पोलिओची. शिवाय पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबावरची रोटाची लस तोंडावाटे. पेंटामध्ये डांग्या खोकल्याचे मारलेले, पण अख्खे जंतू असतात, त्यामुळं त्या रात्री अंग तापतं, मांडी लाल होऊन सुजते, बाळ पाय हलवू देत नाही. एकदोन दिवसांत हे उतरतं. कधी हरभऱ्याएवढी कडक गाठ राहते, ती जिरायला काही आठवडे लागतात. आईला हे आधी ठाऊक असेल तर ती रात्र काढते. ठाऊक नसेल तर तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि अडीच महिन्यांच्या डोसला ती दार उघडत नाही. तिला आपण अडाणी म्हणतो, याचा मला राग येतो.

क्षयरोगावरच्या बीसीजीचं तर उलटंच आहे. डाव्या दंडावर जन्मतः टोचलेल्या जागी त्या दिवशी काही दिसत नाही. दोन ते चार आठवड्यांनी फोड येतो, तो फुटतो, पू येतो आणि दोन-तीन महिन्यांत वण राहतो. हा लशीचा नेहमीचा क्रम आहे. त्यावर हळद-तेल नको, मलम नको, पट्टी नको. वण उठलाच नाही, तरी बीसीजी पुन्हा द्यावी लागत नाही. गोवर-रुबेलाचा ताप पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, सोबत बारीक पुरळही उठू शकते. तोवर घरचे लस विसरलेले असतात आणि "लस देऊनही गोवर निघाला" असा बोभाटा गावभर होतो.

तापाच्या औषधात होणारी गफलत लशीपेक्षा जास्त त्रास देते, म्हणून जरा थांबून सांगतो. पॅरासिटामॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते: किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तास, आणि दिवसभरात चार वेळांहून जास्त नाही. पाच किलोच्या बाळाला 50 ते 75 मिलिग्रॅम झालं. आता बाजारात मिळणाऱ्या ड्रॉप्सच्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा ते पाऊण मिली पुरे. सिरप मात्र 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं असतं, त्यातलं दोन ते तीन मिली लागतं. 250 चंही येतं. कुणी ड्रॉप्सच्या बाटलीतून "अर्धा चमचा" पाजलं, तर ते 250 मिलिग्रॅम होतं, तिपटीहून जास्त. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय "चमचाभर द्या" म्हणणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका. सोबत अंगावरचं पांघरूण कमी करा, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं अंग पुसा आणि अंगावर पाजणं चालू ठेवा.

लस टोचल्यावर अर्धा तास थांबवतात, कारण तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच येते. दहा लाख डोसांमागे साधारण एखादी. सिस्टरच्या पिशवीत त्यासाठी ॲड्रेनॅलिन असलं पाहिजे. घरी गेल्यावर बाळ सलग तीन तासांहून जास्त किंचाळत राहिलं, झटका आला, एकदम लुळं आणि निळसर पडलं किंवा ताप दोन दिवसांनंतरही उतरला नाही, तर वाट न पाहता 108 बोलवा. रोटानंतरच्या आठवड्यात बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून रडत असेल, हिरवट उलट्या होत असतील, शीमध्ये रक्त-शेंबूड दिसत असेल, तर आतड्यात आतडं शिरल्याची शंका घ्यायची. हे क्वचित घडतं, पण तिथं तासातासाला महत्त्व असतं.

आता मोठी गोष्ट. लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी बाळ दगावलं, तर संध्याकाळपर्यंत एखादा अधिकारी बोलून मोकळा होतो: "लशीचा काही संबंध नाही." बहुतेक वेळा पुढं तपासात तसंच निघतं. महाराष्ट्रात 2020 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार हजार जन्मांमागं 16 बाळं वर्षाच्या आत जात होती. न्यूमोनिया, जंतुदोष, जन्मजात हृदयदोष, अशी कारणं. पहिल्या साडेतीन महिन्यांतच तीनदा लस द्यायची, म्हटल्यावर यातले काही मृत्यू लशीच्या आसपास पडणारच. पण तपासाआधी "संबंध नाही" म्हणणं हे माझ्या लेखी खोटंच, मग ते नंतर खरं का ठरेना. त्या अधिकाऱ्याला त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलता येतं: काय झालं ते अजून कळलेलं नाही, आणि ते कळावं म्हणून आम्ही अमुक अमुक करतोय.

ते अमुक काय असतं, तेही तुम्हाला माहीत असू द्या. गंभीर घटना असली तर वैद्यकीय अधिकाऱ्यानं 24 तासांच्या आत जिल्ह्याला लेखी कळवायचं असतं. त्या सत्रात वापरलेल्या बाटल्या वेगळ्या काढून थंड साखळीतच, म्हणजे ठरलेल्या गारव्यातच, ठेवायच्या, बॅच क्रमांक टिपायचा, त्याच बाटलीतून आणखी कुणाकुणाला डोस गेला ती मुलं घरी जाऊन पाहायची. दुसरी सगळी मुलं ठणठणीत असतील तर बाटलीवरचा संशय बराच कमी होतो. चार-पाच आजारी असतील तर चूक बहुधा हाताळणीतली. मग प्रकरण समितीपुढं जातं आणि निष्कर्ष चारांपैकी एका खान्यात पडतो: संबंध दिसतो, ठरवता येत नाही, योगायोग, किंवा माहितीच अपुरी. हा शेवटचा खाना भरतो तो शवविच्छेदन न झाल्यामुळं. एवढ्याशा लेकराची चिरफाड नको, असं घरच्यांना वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्या क्षणी नको म्हणायला अधिकारीच हळूच सुचवत असेल, तर सावध व्हा.

माणसं का लपवतात? कारण पहिला बळी खालच्याचा जातो. 31 जानेवारी 2021 ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. चूक भयंकर होती. मुलं वाचली, प्रकार उघड झाला आणि पाठोपाठ निलंबनाच्या कारवाईची बातमी आली. कारवाई नको असं मी म्हणत नाही. पण दोन सारख्या बाटल्या एकाच टेबलावर आल्या कशा, हा प्रश्न निलंबनानं सुटत नाही, आणि पुढच्या गावातली सिस्टर एवढंच शिकते की कबूल केलं तर नोकरी जाते. म्हणूनच वर्षभरात एकही गंभीर घटना न कळवणारा तालुका मला चांगला वाटत नाही. तिथं काही घडत नाही असं नाही, तिथं लिहीत नाहीत. लिहिल्यानं काय होतं, ते पाहा: अमेरिकेत 1998 ला आलेली रोटाची पहिली लस आतड्यात आतडं शिरल्याच्या नोंदी जमल्या म्हणून 1999 मध्ये बाजारातून काढली गेली. आज आपल्याकडं दिली जाते ती लस निराळी आहे.

आपल्याकडचं उदाहरण सप्टेंबर 2018 चं. गाझियाबादच्या एका कंपनीच्या पोलिओ थेंबांत टाइप 2, म्हणजे 2016 मध्ये थेंबांतून वगळलेला पोलिओ विषाणूचा एक प्रकार, सापडला, आणि ती लस ज्या राज्यांत गेली त्यांत महाराष्ट्रही होता. हा विषाणू लशीतला, दुबळा केलेला होता. पण 2016 च्या एप्रिलनंतर जन्मलेल्या मुलांना थेंबांतून त्याची ओळखच झालेली नव्हती, म्हणून काळजी. ज्या मुलांना पोलिओची सुई मिळाली होती त्यांना त्यातून संरक्षण होतं. हे चार ओळींत कुणालाही समजावता आलं असतं. "घाबरण्याचं कारण नाही" एवढंच सांगितलं की लोक घाबरतात.

खोट्याची आणखी एक जागा म्हणजे रजिस्टर. दसरा-दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, धारूरकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या कारखान्यांवर जातात ते मार्च-एप्रिललाच परततात. दिवाळीत जन्मलेल्या बाळाचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस कोपीवर, म्हणजे कारखान्याकडच्या झोपडीत, असतानाच येतात. इकडं आढावा बैठकीत शंभर टक्के दाखवायचे असतात, मग पेन चालतं. गोवर अडवायला शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस खरेखुरे मिळावे लागतात, कागदावरचे चालत नाहीत. कार्डाचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. डोस कुठल्याही उपकेंद्रात फुकट मिळतो, रहिवासी दाखला लागत नाही. एखादा राहिला तर पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिला तिथून पुढं देतात.

अंगणवाडीत सत्राला गेलात की तीन गोष्टी स्वतः पाहा. बाटलीवरच्या, उष्णता लागल्याचं दाखवणाऱ्या खुणेत गोलाच्या आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला पाहिजे. सारखा किंवा गडद झाला, तर ती बाटली बाद. एप्रिल-मेच्या परभणीच्या उन्हात पेटी उघडी राहिली की हे होतं. उलट बर्फाच्या पिशव्या दगडासारख्या गोठलेल्याच पेटीत ठेवल्या तर पेंटा गोठून निकामी होते आणि ही खूण ते दाखवत नाही. म्हणून पिशवी कानाशी हलवून आत पाणी खळखळतंय का, ते पाहूनच भरायची. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे. आणि विचारा, "बाटली कधी फोडली?" बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या बाटलीवर वेळ लिहिलेली असते, चार तासांनंतर ती टाकायची. पेंटा, पोलिओची सुई यांची बाटली खूण ठीक असेल आणि थंड साखळी तुटली नसेल तर 28 दिवस चालते.

यावर सिस्टर चिडली नाही, बाटली उचलून दाखवली, तर निर्धास्त टोचून घ्या. "एकाच बाळासाठी कशी फोडू, पुढच्या महिन्यात या" असं म्हणाली तर मात्र ऐकू नका. एका बाळासाठीही बाटली फोडायची, असाच आदेश आहे. वाया जाणारे डोस मागणीत आधीच धरलेले असतात. तरी नाही म्हणाली, तर तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावा, ते उचलत नसतील तर 104 या आरोग्य हेल्पलाइनला.