पहाटे तीन ते पाच : लहान मुलांसह तंबूतला उन्हाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तंबूत राहायला जायचं ठरलं की सगळी चर्चा सामानाभोवती फिरते. कंदील कुठला, शेगडी कुठली, घडीच्या खुर्च्या किती. माझं मत असं की या सहलीचा निकाल पहाटे तीन ते पाच या दोन तासांत लागतो, आणि त्या वेळी खुर्ची कुणाच्याच कामाची नसते. मूल झोपून राहिलं तर पुढचा दिवस आपला. गारठून उठलं, तर सकाळी सगळे एकमेकांवर खेकसत सामान गाडीत कोंबताना दिसतात. दोष मग मुलाच्या माथी मारला जातो, ‘याला अजून झेपत नाही.’ बहुतेक वेळा चूक पाठीखालच्या थराची असते.

वयाबद्दलचा सल्लाही लोक नेमका उलटा देतात. ‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग जा.’ खरं तर रांगायला न लागलेलं बाळ नेणं सोपं, ठेवाल तिथे ते राहतं. कसोटी लागते ती साधारण नऊ महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंत. या वयात खडे, काटक्या, सुटी पडलेली खुंटी, काहीही तोंडात जातं आणि तंबूची चेन उघडण्याचं तंत्र आई-बाबांच्या आधी मुलाला साधतं. चार वर्षांचं झालं की तेच मूल खुंट्या मोजून हातात देतं. वाढत्या कुटुंबाची अडचण अशी की गेल्या उन्हाळ्यात बसलेली घडी यंदा बसत नाही. स्लीपिंग बॅग तोकडी झालेली असते, बूट लहान झालेले असतात आणि मधोमध झोपणारं मूल आता रात्रभर गोल फिरतं.

वाटेतलं फार सांगण्यासारखं नाही. बाळ कार-सीटमध्ये असेल तर दर दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढायचं आणि मोकळं होऊ द्यायचं. झोपलंय म्हणून बंद गाडीत एकटं ठेवायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. उन्हातल्या बंद गाडीत १० मिनिटांत तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं, काच बोटभर उघडी ठेवली तरी.

मुक्कामी मात्र सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी पोचायचं. अंधारात, भुकेल्या मुलांच्या रडारडीत उभारलेला तंबू चुकीच्याच जागी उभा राहतो. आधी वर बघायचं. वाळलेली, अडकलेली, लोंबणारी फांदी दिसली की ती जागा बाद. मग खाली बघायचं. सगळ्यात सपाट जागा बहुधा खोलगट असते. पाऊस आला तर पाणी तिथेच साठतं आणि रात्री थंड, जड हवाही तिथेच उतरून बसते. कोरड्या ओढ्याचं पात्र मऊ आणि मोहात पाडणारं असतं, पण पाऊस वर कुठेतरी डोंगरात पडला तरी पाणी इथे येतं. दोन-तीन हात उंचावरची, किंचित उताराची जागा बरी. उताराकडे पाय करून झोपायचं.

झाडाची सावली हेरतानाही गल्लत होते. संध्याकाळी सावली दिसते म्हणून लोक झाडाच्या पूर्वेला तंबू लावतात आणि सकाळी सहा-साडेसहाला भट्टीत जागे होतात. सकाळची सावली झाडाच्या पश्चिमेला पडते. म्हणून झाड पूर्वेला, तंबू पश्चिमेला. एवढ्या एका गोष्टीनं मुलांची झोप तास-दीड तासानं वाढू शकते.

तंबूवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. ‘चार जणांसाठी’ म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेले चार प्रौढ, माणशी ५५ ते ६० सेंटिमीटर. त्यात कपड्यांच्या पिशव्या, डायपर आणि कूस बदलणारं मूल धरलेलं नसतं. चौघांच्या कुटुंबाला सहा जणांचा तंबू लागतो. दारापुढे छत असलेला घ्यावा, ओले बूट आणि रात्रीचं पॉटी तिथे ठेवता येतं. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी थोडं लहान हवं. बाहेर डोकावलं तर छतावरून ओघळणारं पाणी त्यावर पडून थेट पाठीखाली शिरतं. ‘तंबू गळतो’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवायचं, म्हणजे दोरीच्या ताणानं ती उपटत नाही. प्रत्येक दोरीला पांढरी किंवा भडक चिंधी बांधायची. पळणारी मुलं दोरीत अडखळून पडतात, आणि पडतात ती बहुधा दुसऱ्या खुंटीवर.

शेगडी तंबूत पेटवायची नाही. दारातल्या छताखालीसुद्धा नाही. बाहेर पाऊस असो की वारा, या नियमाला अपवाद नाही. आगीचा धोका दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून आत घेणं तर त्याहून वाईट, कारण धुमसते निखारे हा वायू भरपूर सोडतात.

शेकोटीभोवती तीन मीटरचं वर्तुळ काठीनं आखून द्यावं. त्याच्या आत पळायचं नाही, हा एकच नियम. दहा नियम सांगितले तर एकही पाळला जात नाही. आणि निखाऱ्यांवर माती किंवा वाळू टाकून झोपायला निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वरून सगळं गार दिसतं, खाली निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पळणारं कुणाचं तरी मूल त्यावर पाय देतं. पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना बघायचं. भाजलंच तर २० मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

आता रात्र. उन्हाळा आहे म्हणून पातळ चादरी घेऊन येणारे लोक दुपारचं तापमान बघून निघालेले असतात. उंचीवर गेलं की दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. आकाश निरभ्र असेल तर जमीन रात्रभर उष्णता वर सोडत बसते, आणि दिवसातला सगळ्यात थंड काळ सूर्योदयाच्या आसपास येतो. तीनला लागलेली थंडी पाचला वाढलेली असते. मुलांचं शरीर लहान, वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. स्लीपिंग बॅगवरचे अंश प्रौढांसाठी काढलेले असतात. त्यातही ‘कम्फर्ट’ (इतक्या थंडीपर्यंत आरामात झोप लागते) आणि ‘लिमिट’ (इतक्या थंडीत कशीबशी रात्र निघते) असे दोन आकडे असतात. मुलांसाठी कम्फर्टचाच आकडा बघायचा आणि तो रात्रीच्या अपेक्षित तापमानापेक्षा चार-पाच अंश खालचा असू द्यायचा.

वरच्या पांघरुणापेक्षा महत्त्वाचं असतं ते खालचं. अंगाखाली दबलेली बॅग चपटी होते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ती ऊब धरत नाही. जमीन मग पाठीतून उष्णता ओढत राहते. पाहुण्यांसाठी घरात वापरतात ती जाड फुगवायची गादी इथे हमखास फसवते. आत नुसती मोकळी हवा असते, ती फिरते आणि अंगाची ऊब खाली जमिनीला नेऊन देते. शिवाय संध्याकाळी टणक फुगवलेली गादी रात्री हवा गार होऊन आकसली की ढिली पडते. गळती शोधण्यात अर्धी रात्र घालवू नका, बहुधा भोक नसतंच. झोपायच्या आधी, हवा गार झाल्यावर पुन्हा थोडी फुगवायची. कुशीवर झोपल्यावर कंबरेचं हाड जमिनीला टेकत नसेल तर तेवढी हवा पुरे.

चटयांची ऊब धरण्याची क्षमता ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यात सांगतात, आणि हे आकडे एकावर एक थर टाकले की बेरजेनं वाढतात. म्हणून साधी, बंद पेशींच्या फोमची चटई आणि तिच्यावर हवेची चटई ही जोडी कुठल्याही महागड्या एकट्या गादीपेक्षा मला भरवशाची वाटते. एक फुटली तरी दुसरी असते. दोन चटयांच्या मधली फट मात्र बुजवायलाच हवी. मूल नेमकं त्या फटीत घरंगळतं आणि थेट थंड जमिनीवर झोपतं. चटया पट्ट्यानं एकत्र बांधा किंवा वरून एकच मोठी चादर घट्ट खोचा.

मोठे दोघं कडेला, मुलं मध्ये, कारण तंबूची भिंत पहाटे आतून ओली होते आणि भिंतीला चिकटलेलं पांघरूण भिजतं. वर्षाच्या आतल्या बाळाला ही मांडणी लागू नाही. त्याला स्वतःची वेगळी, सपाट आणि टणक जागा हवी, घडीचा पाळणा सगळ्यात चांगला. उताणं झोपवायचं, उशी नाही, सुटं पांघरूण नाही, मोठ्यांची स्लीपिंग बॅग नाही आणि हवेची गादी तर अजिबात नाही, कारण तोंड तिच्यात रुतलं तर बाळाला मान वळवता येत नाही. अंगात घालायची, बाह्यांची झोपेची पिशवी आणि तिच्याखाली कपड्यांचे थर. हात गार लागले म्हणून घाबरून कपडे चढवत जाऊ नका, बाळाचे हात गारच असतात. मानेची मागची बाजू किंवा छाती चाचपायची. कोमट असेल तर ठीक, घामट असेल तर एक थर कमी.

मोठ्या मुलाला मोठ्यांची बॅग दिली तर पायाकडे जी पोकळी उरते ती तापवायला त्याच्याच अंगची ऊब खर्च होते. बॅगचा उरलेला भाग खाली दुमडून बाहेरून दोरीनं बांधला की काम होतं. झोपण्यापूर्वी मोज्यांपासून बनियनपर्यंत सगळे कपडे बदलायचे. दिवसभराच्या घामाचा ओलावा हाताला कळत नाही, पहाटे अंगाला कळतो. लघवी करून झोपवायचं, आणि कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड उशाशी ठेवायचा, गाडीत नाही. गाडीची किल्ली अंधारात कधी सापडत नाही.

थंडीच्या भीतीनं तंबूची सगळी झरोके-तोंडं बंद करणं ही आणखी एक हौस. चौघांच्या श्वासातला ओलावा गार कापडावर साचून थेंब होतो आणि पहाटे सगळ्यांवर ठिबकतो. वरचे झरोके उघडेच ठेवायचे. त्यातून जाणारी ऊब ओल्या पांघरुणापेक्षा स्वस्त पडते. रात्री उठावंच लागलं तर लाल उजेडाची बॅटरी वापरावी, पांढऱ्या झोतानं सगळं कुटुंब जागं होतं. शेजारच्या तंबूतल्या ज्यांना रात्री बारानंतर गाणी लावायची असतात त्यांच्यावर उपाय नाही. जागा निवडताना स्वच्छतागृह आणि गाड्यांच्या वाटेपासून दूर जावं, एवढंच आपल्या हातात.

दुसरा दिवस पाण्यात जातो, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं फार थोडं आहे. बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही, शांतपणे खाली जातं. म्हणून पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर, आणि लक्ष ठेवणारा माणूस नावानिशी ठरलेला. ‘सगळे होतोच की’ म्हणजे कुणीच नव्हतं. दंडाला बांधायचे फुगे हे खेळणं आहे. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं आणि खांद्याला धरून वर उचलून बघायचं. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हातच न्यायचं नाही, सनस्क्रीनपेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. दोन महिन्यांखालच्या बाळाला डास पळवणारं डीट लावायचं नाही, त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंतचं चालतं, पण हाताच्या पंजांना नाही, ते तोंडात जातात. संध्याकाळी कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत आणि गुडघ्यामागे गोचीड शोधायची. सापडली तर बारीक चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, तेल लावून वाट बघायची नाही.

पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. शौचाचा खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून ६० मीटर लांब. डायपर पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत, घट्ट बंद पिशवीत परत न्यायचे. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी बंद गाडीत बसायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

आवरताना तंबू कोरडा दिसतो पण त्याचं बूड खालून ओलं असतं. तसाच गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो आणि तो वास जात नाही. घरी पोचल्यावर सामान लावायच्या आधी तंबू सावलीत उलटा पसरायचा, कोपऱ्यातली वाळू झटकायची, चेनचे दात जुन्या टूथब्रशनं घासायचे, कारण वाळूनं घासलेली चेन पुढच्या वर्षी भर पावसात अडकते. पूर्ण वाळल्यावर मूळ पिशवीत कोंबण्यापेक्षा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवायचा. स्लीपिंग बॅगही तशाच, दाबून नाही. मुलांचे बूट मात्र जपून ठेवू नका. धाकट्याला होईपर्यंत तळ कडक होतो.