प्रथम वर्ष कला आणि तीन सामाजिक शास्त्रे : माझा अनुभव

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर मी पुण्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, तो राज्यसेवा परीक्षा डोळ्यांसमोर ठेवूनच. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र हे तीन विषय घेतले की स्पर्धा परीक्षेचा मोठा भाग पदवीसोबतच होऊन जातो, असे अभ्यासिकेतील सगळ्याच मुली सांगत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तेव्हा कला शाखेला वार्षिक परीक्षा असे. सत्र पद्धत २०१९ मध्ये आली. प्रथम वर्षाला प्रत्येक विषयाचा एकच सामान्य पेपर असायचा, त्याला सगळे ‘जी-वन’ म्हणत, आणि विशेष विषय दुसऱ्या वर्षी निवडायचा असे. तिन्ही शास्त्रांची तोंडओळख होण्यासाठी मिळालेले ते एकच वर्ष होते. समोर आलेले विधान कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या पद्धतीने केले आहे हे विचारण्याची सवय मला त्या वर्षात लागली, आणि प्राथमिक अभ्यासक्रमाचे मुख्य काम तेच असावे असे मला आजही वाटते.

सुरुवातीला समाजशास्त्र सर्वांत जड गेले. भौतिकशास्त्रात बलाची व्याख्या एकदा समजली की तिच्यावर गणिते सोडवता येतात. येथे मात्र समूह, दर्जा, भूमिका, सामाजीकरण अशा प्रत्येक संकल्पनेच्या तीन-चार विचारवंतांनी केलेल्या वेगवेगळ्या व्याख्या होत्या आणि परीक्षेत त्या सगळ्याच चालत. बाजारातील गाईडमध्ये त्या एकाखाली एक छापलेल्या असत. इतक्या व्याख्या का लागतात, हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापिकांना विचारला, तेव्हा त्यांनी उत्तर न देता ग्रंथालयातून महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड काढून दिला आणि जातिसंस्थेवरील पहिला निबंध वाचायला सांगितले.

हा निबंध आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षे होते. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून मला तो पुरा करायला बरेच दिवस लागले, पण माझे उत्तर त्याच्या पहिल्या काही पानांतच होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांनी जातीच्या केलेल्या व्याख्या ते शेजारी शेजारी मांडतात आणि प्रत्येकीत काय सुटले आहे हे दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. आंबेडकर म्हणतात की ही दोन स्वतंत्र लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, कारण बाहेर विवाह करायलाच बंदी असेल तर बाहेरचा माणूस जातीत येणार तरी कसा? तेथून पुढे अंतर्विवाह, म्हणजे जातीतच विवाह करणे, हाच जातीचा गाभा आहे हे ते सिद्ध करत जातात, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा तो अंतर्विवाह टिकवण्यासाठी कशा उपयोगी पडल्या याची सलग मांडणी करतात. हे वाचल्यावर व्याख्या पाठ करण्याचा माझा कंटाळा गेला. चार व्याख्या म्हणजे चार अभ्यासकांचा एकमेकांशी चाललेला वाद असतो आणि परीक्षेच्या उत्तरात तो वाद मांडता आला पाहिजे, हे मला त्या निबंधाने शिकवले.

दुसरे वळण आले ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम शिकताना. आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीचेही प्रत्येक समाजात एक प्रमाण असते आणि त्या प्रमाणाची कारणे समाजाच्या रचनेत शोधावी लागतात, हे त्याने १८९७ मधील आपल्या अभ्यासात मांडले. प्रॉटेस्टंट लोकांत हे प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त असल्याचे त्याला आढळले होते. आमच्या प्राध्यापिकांनी तेवढे सांगून वर्गाला विचारले, “मृत्यूची नोंद कोण करतो?” नंतरच्या अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप नेमका हाच होता : जेथे आत्महत्या हे मोठे पाप मानले जाते, जसे कॅथलिकांत, तेथे ती लपवून दुसरे कारण नोंदवले जाण्याची शक्यता अधिक असते.

अर्थशास्त्राच्या तासाला तोच प्रश्न मला दारिद्र्यरेषेपाशी विचारावासा वाटला. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ही किमान पातळी धरली होती. पुढे २००९ मध्ये दारिद्र्यरेषेचा फेरविचार करणाऱ्या तेंडुलकर समितीने कॅलरीचा आधार सोडून आरोग्य आणि शिक्षणावरील खर्चही विचारात घेतला. रेषा बदलली की गरिबांची संख्या बदलते. स्पर्धा परीक्षेसाठी मी समित्यांची नावे आणि सालेच लिहून घेतली होती; आता प्रत्येक नावापुढे त्या समितीने काय मोजले आणि काय वगळले हेही लिहू लागले. माझ्या मते अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात मागणी-पुरवठ्याच्या वक्रांइतकाच वेळ या मोजमापाला द्यायला हवा.

राज्यशास्त्रात आम्हाला भारतीय राज्यघटना होती आणि प्रकल्पासाठी मी पंचायत राज हा विषय घेतला. घटनेच्या मसुद्यात गावाला स्थान नाही अशी टीका झाल्यावर ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी गावाच्या गौरवाला कठोर उत्तर दिले होते. तरीही पुढे ४० व्या कलमात ग्रामपंचायतींचे मार्गदर्शक तत्त्व आले आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक दर्जा व महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेले. इतके मला तारखांसह पाठ होते, पण प्राध्यापकांनी प्रकल्पाचा आराखडा परत पाठवला आणि यातले प्रत्यक्ष पाहता येईल असे काय आहे ते शोधायला सांगितले.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी वही घेऊन आमच्या गावी गेले. गावाचे नाव येथे देत नाही. सभा मंदिरासमोर भरली. पुरुष खुर्च्यांवर आणि कट्ट्यावर होते, सरपंच महिला असूनही बोलण्याचे काम त्यांच्या घरातील पुरुष करत होते, आणि आलेल्या थोड्या स्त्रिया बाजूला उभ्या होत्या. हजेरीच्या वहीत मात्र स्त्रियांच्या पुष्कळ सह्या होत्या. माझ्या काकूंची सही तीत होती आणि काकू त्या वेळी शेतावर होत्या. संध्याकाळी घरोघरी विचारल्यावर कळले की शिपाई आदल्या दिवशी वही फिरवून सह्या घेऊन गेला होता. “सही दिली की झालं, मागून कशाला बोलवतील?” असे एका आजींनी सांगितले. दुर्खीमच्या आकड्यांवरचा आक्षेप आणि गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची, ती वही हा एकच प्रश्न असल्याचे मला तेथे दिसले. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी सांगितलेली प्रभुत्वशाली जातीची, म्हणजे संख्या आणि जमीन यांच्या बळावर गावात वरचढ असलेल्या जातीची, संकल्पनाही तेव्हाच पुरती कळली, कारण सभेत ज्यांनी भाषण केले ती सगळी बागायतदारांची दोन-तीन घरे होती. प्रकल्पात मी हे सर्व लिहिले, तरी माझे निरीक्षण एका गावाचे आणि एका सभेचे आहे, त्यावरून महाराष्ट्राविषयी विधान करता येणार नाही, हेही प्राध्यापकांच्या सांगण्यावरून स्पष्ट नोंदवले.

परीक्षेची तयारी त्यानंतर तुलनेने सोपी गेली. २० आणि ५० शब्दांच्या उत्तरांसाठी व्याख्या आणि साले लागतातच, ती मी सरळ पाठ केली. ३०० शब्दांच्या उत्तरात मात्र प्रथम मत, मग त्याचा आधार, मग त्यावरचा आक्षेप आणि शेवटी एक ओळखीचे उदाहरण असा क्रम ठेवला आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्याच क्रमाने लिहून काढल्या. तिन्ही विषयांत चांगले गुण मिळाले. दुसऱ्या वर्षी मी विशेष विषय म्हणून समाजशास्त्र निवडले. राज्यसेवेचा अभ्यासही सोडला नाही.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली आहे आणि खुला वैकल्पिक विषय म्हणून वाणिज्य व विज्ञानाचे विद्यार्थीही एखादे सामाजिक शास्त्र घेऊ शकतात. त्यांच्यापैकी अनेकांचा या शास्त्रांशी संबंध एकाच सत्रापुरता येईल. अशा थोड्या वेळात अर्धा डझन विचारवंतांचे परिचय देण्यापेक्षा एक छोटा मूळ निबंध पूर्ण वाचून घ्यावा आणि जवळच्या एखाद्या सार्वजनिक सभेला जाऊन, सभेचे इतिवृत्त हाती आल्यावर ते स्वतःच्या टिपणांशी ताडून पाहायला सांगावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.