क्विझ इंजिन, नोंद 7: आधी आला तोच जिंकला

फोनवरून सगळे एकाच वेळी खेळतात त्या आपल्या क्विझमध्ये आधी आत आलेल्यांनाच जास्त गुण का मिळतात, त्याचा चोर सापडला. मागच्या दोन नोंदींत पिंग (फोन ते सर्व्हर जाण्या-येण्याचा वेळ), 4जी, जुने अँड्रॉइड फोन, गच्चीवर न पोचणारा वाय-फाय अशा सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं. प्रत्यक्षात तो सर्व्हरवरच्या सहा ओळींच्या लूपमध्ये (तेच काम प्रत्येक खेळाडूसाठी पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) बसला होता.

लक्षण आठवत असेलच. वेगाचा बोनस सुरू केला की गुणतक्त्यावर वरच्या जागा त्यांच्याच, जे खोली उघडताच आत आले. बोनस काढून नुसतं बरोबर-चूक मोजलं की ती रांग मोडायची. तुमच्याकडे हाच रोग आहे का, ते तपासायला निकालाच्या शीटमध्ये प्रवेश-क्रमांकाचा रकाना घाला आणि त्यावर सॉर्ट करा. क्रमांकासोबत उत्तराचा वेळही पायरीपायरीने चढत गेला तर दोष सर्व्हरचा. नेटवर्क दोषी असतं तर आकडे विखुरले असते, असा सरळ जिना दिसला नसता.

झालं होतं असं: लूप प्रत्येक खेळाडूसाठी आधी डेटाबेसमध्ये 'प्रश्न दाखवला' अशी नोंद करायचा, ती पूर्ण होईपर्यंत अवेट करायचा, म्हणजे थांबायचा, आणि मग प्रश्न पाठवायचा. एका नोंदीला 8 मिलिसेकंद धरा. 120 खेळाडू म्हणजे 960 मिलिसेकंद. शेवटच्याला प्रश्न जवळजवळ एक सेकंद उशिरा मिळणार, आणि सुरुवातीचा वेळेचा ठप्पा (जिथून उत्तराचा वेळ मोजायचा तो क्षण) मात्र सगळ्यांना एकच! मागच्या नोंदीत हा ठप्पा लूपच्या आधीहून नंतर हलवला होता. त्याने रोग गेला नाही, पण धागा हाती लागला, कारण त्यानंतर अशक्य आकडे दिसू लागले. सर्व्हरच्या हिशेबाने उत्तर 6.8 सेकंदांत, फोनच्या हिशेबाने 7.6. फोनची वेळ सर्व्हरपेक्षा जास्त निघूच शकत नाही, सर्व्हरच्या वेळेत जाणं-येणंही धरलेलं असतं. म्हणजे सर्व्हरचं घड्याळ सुरू होण्याआधीच प्रश्न फोनवर पोचला होता.

दुरुस्ती अशी. प्रश्नाचं जेसन (पाठवायचा मजकूर) एकदाच बनवायचं, खेळाडूगणिक नाही. लूपमध्ये अवेट अजिबात नको. प्रत्येक सॉकेटचा (खेळाडूच्या जोडणीचा) ठप्पा स्वतंत्र, सेंडच्या (पाठवण्याच्या आज्ञेच्या) अगदी आधीच्या ओळीत. डेटाबेसची नोंद सगळं पाठवून झाल्यावर, एकाच बॅचमध्ये. आणि खेळाडूंचा क्रम दर प्रश्नाला पिसायचा, म्हणजे जे काही मिलिसेकंद उरतील ते कायम एकाच्याच नशिबी येणार नाहीत. जिना सपाट झाला. हा आलेख छापून भिंतीवर लावावा इतका गोड दिसतो.

तरी सेंड म्हणजे पोचलं असं नव्हे. सेंड फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये (पाठवायच्या रांगेत) टाकतं. वाटेत पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं की टीसीपी (डेटा पोचवण्याची पद्धत) ते पुन्हा पाठवतं आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करतं. लिनक्सवर हा वेळ कमीत कमी 200 मिलिसेकंद असतो, म्हणून उशीर ढेकळांनी येतो: 200, मग 600 (200 + 400), मग 1400 (600 + 800). पिंगची सरासरी काढून हे भरून निघत नाही. त्यामुळे विचाराचा वेळ फोनवरच मोजायला हवा. प्रश्न रंगवल्यावर रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम (पडद्यावरच्या पुढच्या फ्रेमपर्यंत थांबणं) दोनदा, मग परफॉर्मन्स-नाऊ (ब्राऊजरचं स्टॉपवॉच), आणि टॅप झाला की पुन्हा परफॉर्मन्स-नाऊ. डेट-नाऊ (फोनचं नेहमीचं घड्याळ) वापरू नका. फोनने मधेच घड्याळ दुरुस्त केलं की ते उडी मारतं, उलटंसुद्धा. चित्राच्या प्रश्नात (नागपूरच्या झिरो माइलचे चार घोडे आणि स्तंभ) इमेजचं डिकोड (दाखवायला तयार होणं) पूर्ण झाल्याशिवाय घड्याळ सुरू करायचं नाही. देवनागरी फॉन्टचंही तेच, नाहीतर अक्षरं बदलत असताना सेकंद जळतात.

फोन सांगेल ते खरं मानलं तर हुशार पोट्टे कन्सोल (ब्राऊजरमधली कोड चालवायची खिडकी) उघडून 0.3 सेकंद पाठवणार. म्हणून हिशेबात धरायची वेळ = फोनची वेळ किंवा (सर्व्हरची वेळ − 1.5 सेकंद), यांत जी मोठी ती. लबाडाला जास्तीत जास्त दीड सेकंद मिळेल, आणि 1400 चं ढेकूळ खाल्लेला प्रामाणिक माणूसही एरवीची पिंग बरी असेल तर वाचेल. सर्व्हरनेही मुदत संपल्यावर दीड सेकंद उत्तरं घ्यायची, नाहीतर शेवटच्या क्षणी दाबणारे विनाकारण कटतात.

हे लिहितानाच लक्षात आलं की मागच्या नोंदीत आखलेलं फोन आणि सर्व्हरच्या घड्याळ-जुळवणीचं काम अख्खं रद्द करता येईल. फोनची वेळ हा फोनच्या घड्याळातला फरक, सर्व्हरची वेळ हा सर्व्हरच्या घड्याळातला. दोन घड्याळांची कुठे गाठच पडत नाही, मग ऑफसेट (दोघांतला फरक) काढायचा कशाला? ती फाइल डिलीट.

आता सूत्र. कहूटचं (फोनवरच्या क्विझचं प्रसिद्ध ॲप) सूत्र सगळ्यांना पाठ आहे: 1000 × (1 − वेळ ÷ मुदत ÷ 2), अर्ध्या सेकंदाच्या आतल्या उत्तराला पूर्ण 1000. पार्टीसाठी छान, स्पर्धेसाठी नाही. 20 सेकंदांच्या प्रश्नात 2 सेकंद लॅगचे (नेटवर्कच्या उशिराचे) 50 गुण जातात, 10 सेकंदांच्या प्रश्नात तेवढ्याच लॅगचे 100. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या क्षणी खात्रीने दिलेल्या बरोबर उत्तराला 500. चारपैकी दोन पर्याय बाद करून लगेच डोळे मिटून दाबणाऱ्यालाही सरासरी जवळपास 500. विचार करण्याचं मोल शून्य! आपलं आता असं: बरोबर उत्तराला 1000 पक्के, वर बोनस जास्तीत जास्त 200. खात्रीचं सावकाश उत्तर 1000, पन्नास-पन्नासचा वेगवान तुक्का सरासरी 600. यात निगेटिव्ह मार्किंगची गरज राहत नाही. एरवीही ते लोकांना गप्प बसवतं.

बोनस वाचनसवलतीनंतरच (प्रश्न वाचायला दिलेल्या वेळेनंतरच) घटायला लागेल आणि मुदत संपताना शून्य होईल. आधी ही सवलत अक्षरं मोजून द्यायची होती, तो बेतही बदलला. जावास्क्रिप्टच्या लेंग्थला (मजकुराची लांबी मोजणाऱ्या सोयीला) 'क्ष' म्हणजे 3 आणि 'नागपूर' म्हणजे 6. इंटल-सेगमेंटर (मजकुराची अक्षरं वेगळी करणारं ब्राऊजरचं साधन) वापरला तर जोडाक्षरांवर वेगवेगळ्या ब्राऊजरचं एकमत नाही. म्हणून सर्व्हरवर शब्द मोजायचे: 1 सेकंद अधिक दर शब्दाला 0.3. 'सीताबर्डीची लढाई कोणत्या साली झाली?' पाच शब्द, सवलत 2.5 सेकंद. '28 सप्टेंबर 1953 रोजी विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांनी सह्या केलेला करार कोणता?' चौदा शब्द, 5.2 सेकंद. पहिल्या प्रश्नाला मुदत 20 आणि उत्तर 9.5 व्या सेकंदाला: सवलतीनंतर गेलेले 7 ÷ सवलतीनंतर उरलेली मुदत 17.5 = 0.4, म्हणजे 200 पैकी 80 गेले, बोनस 120, एकूण 1120. याच प्रश्नात लबाडाचा दीड सेकंद म्हणजे जेमतेम 17 गुण. तेवढ्यासाठी कन्सोल उघडणाऱ्याला उघडू द्या.

साधनांबद्दल दोन शब्द. गूगल फॉर्म्स या कामाचं नाही, ते फक्त सबमिटची वेळ देतं, प्रश्नागणिक काहीच नाही. गूगलच्याच फायरबेसच्या रिअलटाइम डेटाबेसला आशियात सिंगापूर हाच पर्याय आहे, त्यांचाच दुसरा डेटाबेस फायरस्टोअर मुंबईत ठेवता येतो. पण आता फोनवर मोजतोय, तेव्हा तो फरकही फारसा बोचत नाही. फुकट होस्टिंगवाले सर्व्हर रिकामे राहिले की झोपतात, म्हणून खोली उघडण्याआधी दहा मिनिटं त्यांना उठवून ठेवा. लॅगच्या चाचणीसाठी लिनक्सवरचं नेटेम (मुद्दाम नेटवर्क बिघडवणारं साधन): विलंब 150 मिलिसेकंद, चढउतार 50, लॉस (हरवणारी पॅकेट) 3 टक्के. आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवर चाचणी घेऊ नका. नागपूरच्या उन्हात फोन तापून स्वतःच मंद होतो आणि आपण कोड तपासत बसतो.

उरलेलं एक काम: प्रश्न आधीच कुलूपबंद पाठवून ऐन वेळी फक्त किल्ली पाठवायची. एकाच हॉलमध्ये शेजाऱ्याच्या फोनवर प्रश्न आधी दिसतो, ही तक्रार त्याने मिटेल. अडचण अशी की ब्राऊजरची क्रिप्टो-सटल (कुलूप लावण्या-उघडण्याची सोय) फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालते. हॉलमधल्या राउटरवरून 192.168 च्या साध्या पत्त्यावर ती अनडिफाइन्ड येते, म्हणजे नसतेच. तिथे एचटीटीपीएससाठी स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट बसवायचं की डोमेन घेऊन खरं, ते ठरलं की कोड टाकतो.